सेंट्रल पार्कातला पाऊण इंच

‘जुने जर्सीकर’ यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. रात्री राग आला होता, सकाळी तो निम्मा उतरला, म्हणून आता लिहायला बसलो. खालच्या चौकटीत मावणार नाही म्हणून वेगळं पान घेतलंय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१६ च्या हिमवादळाबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांनी मला चार गोष्टी सुनावल्या. एक, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात तेव्हा २६.८ इंच बर्फ पडला, मी २७.५ लिहिलं, म्हणजे मी ‘आकडे फुगवतो’. दोन, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या परसात ३१ इंच पडल्याचं मी लिहिलं, ती शुद्ध थाप. शेजारच्या वुडब्रिजमध्ये त्यांनी स्वतः २४ मोजले. तीन, ‘आमच्या ९६ पुढे’, म्हणजे १९९६ च्या हिमवादळापुढे, ‘तुमचं हे वादळ म्हणजे पिठाची चाळण’. आणि चार, त्यांच्याच शब्दांत: ‘पन्नासावर माणसं गेली आणि तुम्ही त्याला सुंदर वादळ म्हणता. कंबर मोडेस्तोवर ड्राइव्हवे उपसला असता तर सुंदर म्हटलं नसतं.’

आधी सेंट्रल पार्क घेतो, कारण तिथं माझी बाजू भक्कम आहे. पुढे ती तशी राहत नाही.

तुमची आठवण चूक नाही. रविवारी, २४ जानेवारीला, सगळ्या वाहिन्यांवर २६.८ हाच आकडा होता. त्याआधीचा विक्रम फेब्रुवारी २००६ चा, २६.९. म्हणजे इंचाच्या दहाव्या हिश्शानं हुकला. नव्व्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजाच्या आईचा चेहरा जसा होतो तसे आम्हा हवामानवेड्यांचे चेहरे त्या दिवशी झाले होते. बहुतेकांची ती बातमी तिथंच संपली. तुमचीही संपली असावी.

पण इतका मोठा विक्रम इतक्या थोडक्यात हुकला, आणि त्याच शहरातल्या जेएफके विमानतळावर मात्र तीस इंचांच्या वर नोंद झाली, तेव्हा प्रश्न विचारले जाणारच. राष्ट्रीय हवामान सेवेनं त्या वादळातल्या काही नोंदी तपासायला घेतल्या आणि एप्रिलमध्ये निकाल दिला. सेंट्रल पार्कात बर्फ मोजायचं काम पार्कची देखभाल करणाऱ्या कॉन्झर्व्हन्सीच्या माणसांकडे होतं. त्यांनी मोजलेलं आणि हवामान कार्यालयापर्यंत पोचलेलं, यांत निरोपाचा घोळ झाला होता. दुरुस्त आकडा २७.५. विक्रम मोडला होता, फक्त ते कळायला तीन महिने लागले. मी लिहिलेला आकडा तो आहे.

त्याच निकालात दुसरी एक गोष्ट होती, ती तुम्हाला आवडेल. आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळानं २८.१ इंचांची नोंद केली होती. टिकली असती तर ती नेवार्कची सर्वकालीन सर्वाधिक नोंद ठरली असती. ती रद्द झाली. म्हणजे तिथला विक्रम कोणाकडे राहिला? तुमच्या जानेवारी १९९६ कडे, २७.८ इंच. तेव्हा तिसऱ्या मुद्द्यावर वाद घालत नाही. फिलाडेल्फियातही ९६ चे ३०.७ अजून पहिल्या क्रमांकावर आहेत. सेंट्रल पार्कात मात्र ९६ ला २०.२ च पडला होता, एवढं नोंदवून पुढे जातो.

नेवार्कची नोंद रद्द का झाली, हे जरा सावकाश सांगावं लागेल. माझी थाप त्यातच लपलेली आहे.

पाऊस मोजणं सोपं. भांड्यात पडलेलं पाणी दाबलं जात नाही, दर तासाला ओता की दिवसातून एकदा, बेरीज तीच. पावसाच्या आकड्यावर वाद होतो तो जागेवरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३, दोन्ही मुंबईच आणि दोन्ही आकडे खरे. बर्फाचं तसं नाही. नुकता पडलेला बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस, निम्म्याहून जास्त हवा. वर आणखी पडला की खालचा दबतो. वारा असला तर स्फटिकांच्या चांदण्या आपटून फुटतात आणि आणखी घट्ट बसतात. तापमान शून्याजवळ गेलं की थर स्वतःच्या वजनानंही खचतो. म्हणून ‘किती बर्फ पडला’ या प्रश्नाला ‘तुम्ही किती वेळा मोजलात’ हा प्रश्न चिकटलेला असतो.

नियम असा: उघड्यावर, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, पांढरी रंगवलेली फळी ठेवायची. तिच्यावर साचलेला थर मोजायचा, फळी पुसायची, पुन्हा ठेवायची. पण पुसायची ती सहा तासांतून एकदाच, त्याहून वारंवार नाही. दर तासाला पुसलीत तर प्रत्येक वेळी कापूस ताजाच मोजला जातो, दबायला त्याला वेळच मिळत नाही, आणि बेरीज फुगते. नेवार्कला नेमकं तेच झालं होतं, तिथं दर तासाचे आकडे जोडले होते. कोणी लबाडी केली नव्हती. विमानं उतरवणाऱ्यांना दर तासाची खबर लागतेच. फक्त ती बेरीज इतिहासात लिहायच्या कामाची नाही.

वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर याच्या उलट गंमत. तिथं फळीच बर्फाखाली हरवली आणि मोजणाऱ्याला ती सापडेना. तिथली नोंद १७.८, आणि त्याच महानगराच्या पश्चिमेला डलेस विमानतळावर २९.३. नदीकाठची सखल, जरा उबदार जागा म्हणून थोडा फरक समजण्यासारखा आहे, पण साडेअकरा इंचांवर वॉशिंग्टनकर अजून कुरकुरतात. तो आकडा तपासणीनंतरही तसाच ठेवला गेला.

आता एडिसनचे ३१ इंच.

त्या शनिवारी मी पहाटेपासून परसात होतो. दर तासाला बाहेर जायचं, पट्टी रोवायची, वहीत लिहायचं, फळी झटकायची, आत येऊन जॅकेट वाळत टाकायचं. फळी म्हणजे, खरं सांगायचं तर, आमचा पोळपाट. पांढरा नव्हे आणि चौकोनीही नव्हे. दुपारी सर्वांत दाट पट्टा डोक्यावर होता तेव्हा तासाला तीन इंच मोजल्याचं वहीत आहे, आणि त्या नोंदीपुढे मी तीन उद्गारचिन्हं काढलीत. मध्यरात्री सगळं थांबल्यावर बेरीज केली: ३१. पुढची कैक वर्षं चारचौघांत मी तोच आकडा सांगत आलो.

म्हणजे जे नेवार्कच्या नोंदीचं झालं तेच माझ्या. फरक इतकाच की त्यांची नोंद तपासली गेली, माझी कोणी तपासली नाही. तुम्ही तपासलीत. आज मी कोकोरॉजच्या स्वयंसेवकांत आहे. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला पूर आला, त्यानंतरच्या वर्षी हौशी मोजणाऱ्यांचं हे जाळं तिथं सुरू झालं. आता रोज सकाळी सातला नियमानं मोजतो, रीतसर पांढरी फळी आहे. २०१६ च्या वहीकडे त्या नजरेनं पुन्हा बघायला हवं होतं. लेख लिहिताना बघितलं नाही. आकडा पाठ होता, पाठ असलेल्या गोष्टी आपण उघडून बघत नाही.

‘सुंदर’ या शब्दावर मात्र थोडं भांडणार आहे, सगळं नाही.

हवामानवेड्यांच्या तोंडी ‘सुंदर’ येतं तेव्हा ते अंगणातल्या पांढऱ्या गालिच्याबद्दल नसतं, नकाशाबद्दल असतं. तो हिवाळा एल निन्योचा, भलताच उबदार. २४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये पारा ७२ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या २२ अंशांवर होता. लोक अर्ध्या बाह्यांत नाताळची खरेदी करत होते. समुद्र त्यामुळे अजून गरम. अशात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हवामानाच्या संगणकी मॉडेलांवर दिसू लागलं की दक्षिणेकडून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याशी पोचून नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅटरस भूशिराजवळ नव्यानं जोर धरेल, उत्तरेला थंड हवेचा जास्त दाब दार अडवून बसेल आणि गरम समुद्रावरचं सगळं बाष्प पूर्वेच्या वाऱ्यानं आत ढकललं जाईल. वॉशिंग्टन-बाल्टिमोरसाठी हे जवळजवळ आठवडाभर आधी दिसलं आणि तसंच घडलं. बाल्टिमोरला २९.२ इंच, तिथला विक्रम. इतक्या आधी, इतकं नेमकं.

न्यूयॉर्कला तसं नव्हतं. बर्फाची उत्तरेची कड सुरीनं कापल्यासारखी होती, शहराच्या उत्तरेला असलेल्या ऑल्बनीत जवळजवळ काहीच पडलं नाही. ती कड शहराच्या वर राहील की खाली, यावर शुक्रवारपर्यंत मॉडेलांत जुंपली होती. आणि प्रत्येकाच्या डोक्यात आदल्या वर्षीची जखम. जानेवारी २०१५ मध्ये दोन-अडीच फुटांचा इशारा दिला, भुयारी रेल्वे बंद ठेवली आणि सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. हवामान सेवेच्या न्यू जर्सीतल्या माउंट हॉली कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख गॅरी सॅट्कोव्स्की यांनी त्या रात्री जाहीर माफी मागितली होती. वादळ मात्र खोटं नव्हतं, ते थोडं पूर्वेला सरकलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला त्यानं ३४.५ इंच घातले. म्हणून २०१६ ला न्यूयॉर्कचे अंदाज आधी हात राखून होते, आणि शनिवारी बर्फ पडत असतानाच ते वर वर चढत गेले. दुपारी अडीचला शहरातली वाहतूक बंद केली, ब्रॉडवेचे पडदे उघडले नाहीत. चढत जाणारा तो अंदाज बघत बसणं, खिडकीबाहेर तो खरा होताना बघणं, याला मी सुंदर म्हटलं. ते मागे घेत नाही.

पण तुम्ही म्हणता ते लेखात नव्हतं, हे खरं. त्या वादळात पन्नासाहून अधिक माणसं गेली. पुष्कळ जण बर्फ उपसताना, हृदय बंद पडून. ओला, दबलेला बर्फ फावड्यावर किती जड होतो, हे वर इतकं ‘दबण्याबद्दल’ लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं. आपल्याच राज्यात, पसेइकला, बाप गाडीभोवतीचा बर्फ काढत असताना आई आणि दोन लहान मुलं ऊब मिळावी म्हणून सुरू गाडीत बसली. धूर बाहेर पडायची नळी बर्फानं बुजलेली होती. दक्षिण जर्सीच्या किनाऱ्यावर, केप मेला, समुद्राचं पाणी २०१२ च्या सँडी चक्रीवादळापेक्षाही वर चढलं. तिथल्यांना तर माझा इंचांचा सगळा लेख वायफळ वाटला असेल, त्यांना पट्टी नको होती, वाळूच्या गोण्या हव्या होत्या. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या महामार्गावर शेकडो गाड्या चोवीस तासांहून जास्त अडकल्या. मी या सगळ्यातलं एक वाक्यही लिहिलं नाही. वादळ परसातून बघितलं की ते परसाएवढंच दिसतं.

कंबरेबद्दल म्हणाल तर आमचा ड्राइव्हवे त्या दिवशी तीनदा उपसला गेला, आणि तिन्ही वेळा बायकोनं. मी मोजत होतो. तुमची प्रतिक्रिया तिनं माझ्याआधी वाचली होती. ‘या गृहस्थांना जेवायला बोलव’ म्हणाली. पोळपाटाचा उल्लेखही तिच्याच आग्रहानं केलाय.

मूळ लेखात ‘३१ इंच’ खोडून त्यापुढे ‘तासातासाच्या नोंदींची बेरीज, ग्राह्य नाही’ असं लिहिलंय. पसेइक आणि केप मेचा परिच्छेद आज रात्री घालतो. सेंट्रल पार्कचे २७.५ तसेच राहतील.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचे वुडब्रिजचे २४ इंच तुम्ही एकदाच मोजले ना, रविवारी सकाळी, उपसायला सुरुवात करण्याआधी? कारण वही आज नीट उघडली तेव्हा शेवटच्या पानावर माझीही रविवार सकाळची एक नोंद निघाली. पोळपाटावरची नव्हे, परसाच्या मधोमध जमिनीत पट्टी रोवून घेतलेली, पुढे एकही उद्गारचिन्ह नसलेली. साडेचोवीस.