नवलाला धक्का कशाला?

परवा रात्री पावणेअकराला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "झोपला नाहीत ना? या वर. उमलायला लागलंय." काय उमलायला लागलंय, हे विचारावं लागत नाही. पावसाळ्यात इतक्या रात्री शेजाऱ्यांचं बोलावणं आलं की ते ब्रह्मकमळाचंच. (खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, ते वेगळं. आपल्या कुंड्यांतलं हे मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, निवडुंगाच्या कुळातलं झाड. हे मी दोनदा सांगून पाहिलं. कोणाचाही उत्साह तसूभर कमी झाला नाही, उलट माझ्याकडेच "हिला काय होतंय" अशा नजरेने पाहिलं गेलं.)

आईला हाताला धरून वर नेलं. गॅलरीत आठ-दहा माणसं, ट्यूब बंद, मोबाइलचे टॉर्च चालू. पानाच्या कडेतूनच निघालेला लालसर देठ, खाली लोंबून टोकाशी पुन्हा वर वळलेला, आणि त्यावर ती टपोरी कळी. टक लावून बघितलं की पाकळी हलताना दिसते. वारा नसतानाही हलते. वास आधी कळतच नाही आणि मग अख्खी गॅलरी भरून जाते. "वॉव", "अमेझिंग", "ओ माय गॉड" सुरू होतं. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "शॉकिंग आहे यार." आईने हनुवटीवर बोट ठेवलं, "नवल गं बाई!" म्हणाली आणि खुदकन हसली. ऐंशीची आहे ती. त्या हसण्याने मला दोन दिवस कामाला लावलंय.

मी प्रुफं तपासते. गेल्या आठवड्यात एकाच हस्तलिखितात ‘आश्चर्याचा धक्का बसला’ मला चौदा वेळा सापडलं. मुलगा पास झाला, धक्का. जुना मित्र भेटला, सुखद धक्का. पगार वाढला, तरी धक्काच. नवल वाटणं म्हणजे मागून कुणीतरी ढकलणं, असं आपण कधी ठरवलं? मला ही शब्दजोडी अजिबात आवडत नाही. आता तर ‘आश्चर्य’ही गळून नुसता ‘शॉक’ उरलाय. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या भाषेतल्या आश्चर्याच्या जुन्या शब्दांत कुठेच धक्का नाही. काय काय आहे ते बघा.

‘विस्मय’ घ्या. त्यातला धातू ‘स्मि’, म्हणजे हसणं. ‘स्मित’ त्याचाच. म्हणजे विस्मयाच्या पोटात हसू आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, म्हणून हाच शब्द येतो, आणि तो नटाने दाखवायचा कसा, याची यादी आहे: डोळे विस्फारणं, पापणी न लववता पाहणं, अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, घाम, हर्ष, तोंडातून ‘साधु, साधु’. त्या गॅलरीत ही यादी घेऊन उभं राहिलं असतं तर घामासकट सगळ्यावर खूण करता आली असती. इंग्रजीतल्या ‘मिरॅकल’, ‘ॲडमायर’ आणि ‘मिरर’च्या मागे जी लॅटिन शब्दांची जोडी आहे, तिचं मूळही अनेक भाषाभ्यासक या ‘स्मि’शीच जोडतात. खुद्द ‘वंडर’ मात्र एकलकोंडा. जुन्या इंग्रजीत ‘वुंडोर’, जर्मनमध्ये ‘वुंडर’, आणि त्या कुटुंबाच्या बाहेर त्याचा माग कुणालाच खात्रीने लागलेला नाही. हे मात्र त्या शब्दाला शोभतं.

तेराव्या शतकातल्या मुक्ताबाईचा अभंग आठवा. ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी.’ पुढे ‘थोर नवलाव झाला’, वांझेला पुत्र झाला. विंचू पाताळात जातो, शेष त्याच्या पाया पडतो, माशी विते आणि तिची घार होते. कीर्तनात याचा आध्यात्मिक अर्थ तासभर सांगतात, तो मी इथे सांगणार नाही, मला तो नीट पेलतही नाही. मला शेवटचा शब्द हवाय. ‘देखोनि मुक्ताई हांसली.’ एवढी सगळी उलथापालथ बघितल्यावर ती दचकली नाही, भांबावली नाही. हसली. विस्मयाचा धातू तिला कोणी शिकवायला गेलं नव्हतं.

‘आश्चर्य’ हा शब्द तर पाणिनीने स्वतंत्र सूत्र देऊन नोंदवलाय: ‘आश्चर्यमनित्ये’. ‘आ’ आणि ‘चर्’ यांच्यामध्ये एक ‘स’ येतो (संधीत त्याचा ‘श’ होतो), तो कधी, तर नेहमी न घडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं असेल तेव्हा. मधला वर्ण काढला की उरतं ‘आचर्य’, म्हणजे नेहमी करण्याजोगं. एका वर्णाचा फरक! या सूत्रावर काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, दिलेलं उदाहरण तर घराघरांत चालेल: ‘आश्चर्यं यदि सोऽधीयीत’. तो अभ्यास करेल तर आश्चर्यच! बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणाचा तरी मुलगा पुस्तक उघडत नव्हता.

‘चमत्कार’ माझा सगळ्यात लाडका. व्ही. राघवन या संस्कृत काव्यशास्त्राच्या मोठ्या अभ्यासकाचं म्हणणं असं, की ‘चमत्’ हा मुळात जिभेचा आवाज. काहीतरी चटकदार तोंडात पडलं की जीभ टाळूला लागून होतो ना, तो. तिथून तो काव्याच्या आस्वादापर्यंत गेला आणि मग साधूबाबांच्या हाती लागला. मराठीत त्याचं पुढे जे झालं ते आणखी भारी. ‘चमत्कार’ करतो तो देवमाणूस, पण ‘जरा चमत्कारिकच आहे’ म्हटलं की त्या घरी मुलगी द्यायची नाही.

‘कौतुक’ही असंच घर बदलून बसलंय. संस्कृतात ते कुतूहल, आणि लग्नात मनगटावर बांधायचा मंगल दोराही. ज्ञानोबांनी ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ म्हटलं तेव्हा ते स्वतःची पाठ थोपटत नव्हते. आज मात्र कौतुक म्हणजे शाबासकी, नाहीतर लाड. मला यात काही बिघडलेलं दिसत नाही. नातवाने पहिल्यांदा चमचा सरळ तोंडात घातला की आजी जे करते त्यात कुतूहल किती आणि माया किती, हे वेगळं काढता येणारच नाही.

वाईट वाटतं ते ‘नवल’चं. ‘नव’पासून आलेला साधा, घरगुती शब्द. पण हल्ली तो भेटतो तो बहुतेक नकारातच. ‘यात नवल ते काय’, ‘नवल नाही’, ‘नवल वाटायला नको’. अग्रलेखांत तर हमखास. म्हणजे ज्या शब्दाने डोळे मोठे करायचे, तो आपण खांदे उडवायला वापरतो. आईच्या तोंडून तो परवा होकारात ऐकला म्हणून कान टवकारले गेले.

अजून एक, आणि हे अनुवाद करणाऱ्यांसाठी मुद्दाम. इंग्रजीतला ‘आय वंडर’ पाहिला की कृपया ‘मला आश्चर्य वाटलं की तो कुठे गेला असेल’ असं लिहू नका. मी ते कापते आणि मग अनुवादकांचे फोन येतात. आपल्याकडे या कामाला एक दोन अक्षरी शब्द बसलेला आहे. ‘कुठे गेला असेल बरं?’ तो ‘बरं’ काढून वाचा. नुसती चौकशी उरते, पोलीस ठाण्यातली वाटेल इतकी कोरडी. घाईच असेल तर ‘कोण जाणे’ आहे, ‘देव जाणे’ आहे. आणि नवल मराठीत माणूस करत नाही, ते त्याला वाटतं. मला नवल वाटलं. ते कुठूनतरी येतं आणि मी तिथे असते, इतकंच.

तर ते चौदा धक्के. अकरा मी काढले. एक ठेवला, कारण तिथे नायकाच्या अंगावर खरोखर कपाट पडतं. उरलेल्या दोनांवरून लेखकमहाशयांशी वाद चालू आहे.

ब्रह्मकमळ सकाळी मान टाकून लोंबत होतं, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखं. पण काकूंच्या कुंडीत अजून एक कळी आहे. आई कालपासून तीनदा वर जाऊन आली. "आज उमलेल का गं बरं?" असं मला विचारते, जणू मला ठाऊकच आहे. जवळपास राहणाऱ्यांनी यायचं असेल तर मेसेज करा. फक्त साडेदहाच्या आत या, नंतर वॉचमन गेट लावतो.