६५ पैशांचा आडमार्ग

फोन करणाऱ्याचं सिमकार्डावर नोंदलेलं नाव समोरच्याच्या पडद्यावर दिसावं, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर या 'सीनॅप'वरून जुंपलेली असते. मामा म्हणतात, "आता भामट्यांची नावंच दिसतील की!" जुळे सोलापुरातल्या मावशीला वेगळीच धास्ती. रिक्षावाल्याला फोन लावला तरी आपलं पूर्ण नाव त्याच्या हाती जाणार. मला मावशीचं पटतं. मामा जरा घाई करताहेत, कारण मी राहते त्या अमेरिकेत नाव दाखवण्याची सोय जुनीच आहे.

इथं ते नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. फोन घेणाऱ्याची कंपनी ते किरकोळ पैसे मोजून डेटाबेसमधून उचलते, आणि बरेचदा माणसाऐवजी नुसतं गावाचं नाव येतं. २०१९ च्या कायद्यानंतर, ३० जून २०२१ पासून, मोठ्या कंपन्यांना इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलवर डिजिटल सही करावी लागते की नंबर खरा आहे. जुन्या पद्धतीच्या एक्स्चेंजमधून कॉल गेला की ती सही गळून पडते. आणि सहीनिशी फोन करणारे भामटे आहेतच.

माझ्या कामी आला तो घरगुती बंदोबस्त. तळहाताएवढ्या संगणकावर 'ॲस्टेरिस्क' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलंय. ओळखीचा नंबर थेट वाजतो, अनोळखी माणसाला "५ दाबा" असं ऐकू येतं. माणूस दाबतो, यंत्रं बहुधा दाबत नाहीत. अमेरिकेतल्या अमेरिकेत खर्च मिनिटाला एखादा सेंट. आईला फोनही मी यातूनच लावते.

"व्हॉट्सॲप असताना हा उपद्व्याप कशाला?" भाऊ विचारतो. आई अजून बटणांचा फोन वापरते, म्हणून.

आणि खरी गोम तिच्या फोनपाशीच आहे. परदेशातला कॉल पोचवून देण्याबद्दल भारतीय कंपनीला मिनिटाला ३५ ते ६५ पैसे मिळतात. देशातल्या कॉलवर हेच शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य. मधला फरक खिशात घालायला कुणीतरी भारतातल्या एखाद्या खोलीत सिमबॉक्स मांडून बसतो. इंटरनेटवरून आलेला कॉल तो ढीगभर सिमकार्डांपैकी एकातून 'लोकल' करून सोडतो. धंदा बेकायदा, पण स्वस्तातल्या मिनिटांच्या मागं पुष्कळदा हाच आडमार्ग असतो. आईला माझ्याऐवजी भलताच दहा आकडी नंबर दिसतो. अनोळखी फोन घ्यायचा नाही हे आम्हीच तिच्या मनावर बिंबवलंय. ती घेत नाही.

सीनॅप आल्यावर त्या जागी कुणाचं नाव येईल? ज्याच्या कागदपत्रांवर ते सिम काढलं त्या बापड्याचं. भामट्याचीही तीच तऱ्हा. तो स्वतःच्या नावाचं सिम थोडंच वापरतो! शिवाय ही सोय सुरू व्हायची ती ४जी फोनपासून. आईच्या हातात काय पडणार?

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. भारतीय नंबरचा मुखवटा लावून परदेशातून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि २४ तासांत १.३५ कोटी कॉल अडले. पण सिमबॉक्समधून निघालेला कॉल त्या चाळणीला दिसतच नाही, तो आधीच देशी झालेला असतो. मला मनापासून आवडली ती बँका-विमा कंपन्यांसाठीची, १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका. आई पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांची पासबुकं वाचून देते. त्यांना 'बँकेचा म्हणून आलेला फोन १६०० चा नसला तर ठेवून द्या' एवढं सांगितलं तरी पुरतं. त्याला ना ॲप लागतं, ना इंग्रजी.

बाकी घोडं अडलंय त्या ६५ पैशांवर. २०१८ मध्ये ट्रायनं हे शुल्क ५३ वरून ३० पैशांवर आणलं होतं, आडमार्गाला आळा बसावा हे एक कारण देऊनच. २०२० मध्ये ते पुन्हा वाढलं. कमी केलं तर परदेशी पैसा बुडतो, असं कंपन्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पण त्यातला बराचसा व्हॉट्सॲपनं केव्हाच खाल्लाय. आधी हे शुल्क इतकं खाली आणा की सिमबॉक्सवाल्याचं विजेचं बिलसुद्धा सुटू नये. नावं दाखवायची तर त्यानंतर दाखवा, आणि मावशीला स्वतःचं नाव झाकायची मुभा ठेवा.