कॉर्क बेल्ट, हिरवी वडी आणि पात्याचे उतरलेले पाणी

‘कॉर्कचा पट्टा मऊ असतो, त्याने पाते तापत नाही, म्हणून ग्राइंडर पूर्ण वेगात चालवा, हिरव्या पॉलिशमधले क्रोमियम पोलादात मुरते व सुरी कधीच गंजत नाही, आरशासारखी चमक आली की धार आलीच’ असा, ग्राइंडरवर पॉलिशसाठी चढवायच्या कॉर्कच्या पट्ट्याबद्दलचा (कॉर्क बेल्ट) मजकूर सुऱ्या घडवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सध्या फिरतो आहे. एरवी मी त्याकडे दुर्लक्ष केले असते; परंतु माझ्या भाच्याने तो खरा मानला आणि ट्रकच्या स्प्रिंगपाट्यातून मेहनतीने घडवलेल्या पात्याचे पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कडकपणा, घालवले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत घातक विधान पहिलेच आहे. कॉर्क मऊ असतो हे खरे, पण त्यामुळे घर्षणाची उष्णता टळत नाही. उलट कॉर्क उष्णतारोधक असतो, शीतगृहांच्या भिंतींना त्याचे अस्तर देत ते याच गुणामुळे. त्यामुळे निर्माण झालेली उष्णता पट्ट्यात फारशी न जाता पात्यात उतरते. १०० मिमी व्यासाचे चाक मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल, तर त्यावरचा पट्टा सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावतो. अशा पोलादाला पाणी दिल्यानंतर साधारण २०० अंश सेल्सिअसला टेंपर केलेले, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताने तापवलेले असते; त्याहून जास्त तापले की कडकपणा उतरतो, आणि धारेलगतची अत्यंत पातळ कड ती मर्यादा ओलांडायला काही क्षण पुरतात. नंतर पाते बादलीत बुडवून उतरलेले पाणी परत चढत नाही. सहाणेवर काम करताना पिवळा, तपकिरी, निळा असा चढत जाणारा रंग पाहून कारागीर हात आवरतो. येथे तीही सोय नाही, कारण तो रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो आणि पॉलिश तो पुसतच जाते. भाच्याचे पाते दिसायला निर्दोष होते. मुठीजवळ कानस लावली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरत होती, म्हणजे तेथे पोलाद कडक होते. टोकाकडच्या दोन बोटांच्या भागात मात्र तीच कानस पोलादात चावत होती, म्हणजे तेथे ते मऊ पडले होते.

मजकुरात पट्ट्याच्या दिशेबद्दल एक शब्दही नाही, हा मी केवळ निष्काळजीपणा मानत नाही. धार पट्ट्याच्या चालीला सामोरी धरली तर मऊ पट्ट्यात ती रुतते आणि सुरी हातातून हिसकली जाते. पट्टा नेहमी धारेकडून दूर जात असला पाहिजे.

क्रोमियम मुरण्याची गोष्ट तर निव्वळ थाप आहे. पट्ट्याला लावायच्या पॉलिशच्या हिरव्या वडीत असतो तो क्रोमियम ऑक्साइड. हिरव्या रंगातही तोच वापरतात. त्यातले क्रोमियम ऑक्सिजनशी इतके घट्ट बांधलेले असते की पट्ट्याच्या घर्षणाने ते सुटून पोलादात शिरणे अशक्य आहे. पोलाद स्टेनलेस होण्यासाठी ते वितळलेले असतानाच त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळावे लागते. गुळगुळीत पृष्ठभागावर ओल कमी अडकते व गंज थोडा उशिरा धरतो, एवढे मान्य करावे लागेल. पण चिंच, लिंबू किंवा कोकणातली पावसाळी हवा कार्बन पोलादाला सोडत नाही.

चमक म्हणजे धार, या समजुतीला सुऱ्यांची धार तपासण्याच्या आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकात उत्तर आहे. त्यात ५ टक्के सिलिका असलेल्या कागदाच्या थप्पीवर ठरावीक दाबाने पाते ६० वेळा पुढे-मागे चालवतात आणि प्रत्येक वेळी किती खोल कापले ते मोजतात. चमक कोठेही मोजली जात नाही. मऊ पट्टा दाबाखाली धारेभोवती वळतो आणि तिची कड गोल करतो, त्यामुळे सुरी चकचकीत असूनही टोमॅटोच्या सालीवरून सरकते.

कॉर्क बेल्टने येणारा एकसारखा मखमली पोत सुंदर असतो, आणि तो दुसऱ्या साधनाने इतक्या सहज मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मात्र त्याआधीचे काम इतर पट्ट्यांनी पुरे झालेले हवे. घासण्याच्या पट्ट्यांवरचा ‘पी’ क्रमांक वाढतो तसा कण बारीक होतो: पी१२० पट्ट्याचा कण सुमारे १२५ मायक्रॉनचा असतो, पी४०० चा ३५ मायक्रॉनचा. पी१२० चे ओरखडे कॉर्कने घालवू पाहणारा माणूस जोर लावतो आणि तेथेच पाते तापते. म्हणून किमान पी४०० पर्यंत जावे, नवा पट्टा आधी भंगार पोलादावर चालवून त्याचा खडबडीतपणा मोडावा, वडी अगदी थोडी लावावी, वेग शक्य तितका कमी ठेवावा, हातमोजे घालू नयेत आणि उघड्या बोटांना पाते कोमट लागताच ते पाण्यात बुडवावे. वडीत मेण व चरबी असते, त्यामुळे भाजीला लावण्यापूर्वी सुरी साबणाने धुवावी.