खुलासा : स्वयंसेवकांची गाडी म्हणजे रुग्णवाहिका नव्हे

इंदुरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे : "ज्येष्ठांना दवाखान्यात न्यायला स्वयंसेवकांची गाडी, २४ तास. छातीत दुखलं तरी फोन करा. पेट्रोलचे पैसे चालकाच्या हातात द्या." फेऱ्यांचं वेळापत्रक आम्हीच लावतो, म्हणून स्पष्ट सांगतो : हे खरं नाही.

गाडी फक्त आधी ठरलेल्या तपासणीला किंवा डायलिसिसला मिळते, तीही दोन दिवस आधी कळवल्यावर. रात्री फोन उचलायला कोणी नसतं. छातीत दुखणं, अर्धं अंग लुळं पडणं, धाप लागणं, यासाठी थेट १०८ लावा. आमच्या गाडीत ना ऑक्सिजन, ना स्ट्रेचर. तिची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं, आणि आम्हाला काळजी याचीच आहे.

चालकाला पैसेही देऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चालत नाही.

डायलिसिसची परतीची वेळ धरताना बहुतेकांचा हिशेब चुकतो. मशीनवर साधारण ४ तास जातात. पण सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, बीपी बघणं, यात आणखी अर्धा तास सहज जातो. बीपी उतरून चक्कर येते, म्हणून सोबत घरचं माणूस हवंच. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला हात) सीटबेल्ट दाबला जाणार नाही अशा बाजूला बसवा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. जिथे टाकला असेल, तिथे कृपया हा खुलासा टाका.