घासून नवी करायची नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

आजोबांच्या १२ बोअरच्या दुनळी बंदुकीच्या डागडुजीवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया दिली आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी भागाच्या, मानेवरची पितळी तार मी ठेवली, हा म्हणे हास्यास्पद प्रकार. दस्ता पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायला हवा होता. नळ्या ब्लूइंगच्या, म्हणजे लोखंडाला काळा रंग चढवणाऱ्या रसायनाच्या, टाकीत बुडवल्या असत्या तर नव्याकोऱ्या दिसल्या असत्या. तेल कुठलं वापरलं ते सांगितलं नाही. चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आणि नळीची जाडी यांबद्दल अवाक्षर नाही. आणि सगळ्यात शेवटी: "भावना हे आळसाला दिलेलं गोंडस नाव आहे. कानस हातात धरायची नाही, म्हणून आजोबांची आठवण पुढे करायची." त्यापुढे तीन हसरे चेहरे.

साहेब, मुद्दा पटला नाही तर त्याला मुद्द्याने उत्तर देता येतं. हसऱ्या चेहऱ्यांना काय उत्तर द्यायचं? तुम्हाला जाणकारी दाखवायची होती की मला खाली दाखवायचं होतं, हे प्रतिक्रिया दोनदा वाचूनही मला ठरवता आलं नाही.

आता त्या आळसाबद्दल. माझे वडील फिटर होते. शाळेच्या सुट्टीत इतर पोरं खेळायची तेव्हा माझ्या हातात कानस असायची. व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा, तो कानशीने सपाट करायचा, मग वडील गुण्या लावून खिडकीकडे धरायचे. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की एक शब्द न बोलता ठोकळा परत व्हाइसमध्ये. रेघ घालवायच्या नादात मी जास्त घासायचो आणि दुसरी बाजू खाली जायची. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, हे मी तिथे शिकलो, तुमच्या प्रतिक्रियेतून नव्हे. त्यामुळे "कानस हातात धरायची नाही" हे वाक्य निदान मला तरी लिहायला नको होतं. मी ती धरली नाही, कारण ती कुठे धरायची नसते हे मला माहीत आहे.

आणि आठवण "पुढे करण्या"बद्दल म्हणाल, तर जरा तपशिलात सांगतो. बंदूक उजव्या खांद्याला लावणाऱ्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो. आमच्या दस्त्यावर पॉलिश उडालंय ते उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, आणि तिथलं अक्रोडाचं लाकूड गालाच्या घामाने आणि तेलाने काळपट झालंय. आजोबा डावखुरे होते. त्यांचा बंदुकीसोबतचा एकही फोटो आमच्या घरात नाही. दोन चापांपैकी पुढचा चाप, म्हणजे उजव्या नळीचा, आरशासारखा गुळगुळीत आहे आणि मागच्यावर अजून मूळच्या रेघा शाबूत आहेत. याचा अर्थ दुसरा बार टाकायची वेळ त्यांच्यावर कमी यायची. (काका म्हणतात, पहिल्या बाराला सगळं उडून जायचं म्हणून. काकांचं आणि आजोबांचं कधी जमलं नाही, ते सोडा.) हे सगळं मी पॉलिश पेपरने घासून टाकावं आणि त्याला कष्ट म्हणावं, अशी तुमची अपेक्षा आहे.

तारेचं तर तुम्ही वाचलंच नाहीत असं दिसतंय. दस्त्याची मान ही बंदुकीची सगळ्यात नाजूक जागा. हाताची पकड तिथे, लाकूड सगळ्यात बारीक तिथे, आणि धक्काही तिथूनच खांद्याकडे जातो. आजोबांच्या हयातीतच तिथे तडा गेला आणि त्यांनी स्वतः पितळी तार गच्च गुंडाळून वर लाख लावली. लेखात स्पष्ट लिहिलं होतं की तार काढली, तडा उघडला, आतलं वर्षानुवर्षांचं मुरलेलं तेल खडूची पूड आणि असिटोनच्या लेपाने शोषून घेतलं. लेप पांढरा लावायचा, वाळला की तपकिरी होऊन पडतो, तो पांढराच राहीपर्यंत पुन्हा लावायचा. तेलकट लाकडाला इपॉक्सी गोंद धरत नाही, म्हणून हा उपद्व्याप. मग इपॉक्सी, आतून आडवी पितळी पिन, आणि सगळं पक्कं झाल्यावर तीच तार त्याच वेढ्यांत परत. म्हणजे आज त्या तारेवर कसलाही भार नाही. जिथे जोर येतो ती प्रत्येक गोष्ट मी बदलली किंवा पक्की केली. जिथे नुसता हात लागतो ती ठेवली. यात आळस नेमका कुठे बसतो, ते एकदा समजावून सांगा.

ब्लूइंगच्या टाकीबद्दल मात्र गप्प बसता येत नाही, कारण तुमचं ऐकून कुणीतरी खरंच तसं करेल. दुनळीच्या दोन नळ्यांमधल्या पट्ट्या बहुतेक वेळा शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळणारं पाणी. तेवढ्या उष्णतेने डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. वरून नळ्या काळ्याभोर दिसतात आणि पट्टीखाली शिरलेला क्षार आतून गंज चढवत बसतो. पट्टी सुटते तेव्हा कळतं. जुन्या दुनळीला रंग द्यायचाच तर पद्धत संथ: आम्लाचा हात फिरवून दमट हवेत तांबडा गंज येऊ द्यायचा, साध्या पाण्यात उकळायचं म्हणजे तो काळा होतो, तारेच्या मऊ ब्रशने भुकटी झाडायची, आणि हे पुन्हा पुन्हा. मी तेही केलं नाही. जिवंत गंज तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने काढला आणि जुना तपकिरी रंग राहू दिला. टाकीत घालण्याआधी नळ्या पॉलिश कराव्या लागतात, आणि त्या पॉलिशमध्ये नळीखालचे प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के पुसट होतात. आमच्या बंदुकीवर बर्मिंगहॅमचे शिक्के आहेत. त्या प्रूफ हाऊसची स्थापना १८१३ च्या कायद्याने झाली. ही बंदूक कुठल्या काडतुसासाठी तपासलेली आहे ते त्या शिक्क्यांवरूनच कळतं.

दस्ता घासण्याबद्दल एवढंच: मूळ कारागिराने लाकूड आणि लोखंड एका पातळीत बसवलेलं असतं. पेपर फिरवला की लाकूड खाली जातं आणि लोखंडाची कड वर राहते. जाणकार माणूस डोळे मिटून बोट फिरवून ते ओळखतो. पोचे मी ओलं फडकं आणि गरम इस्त्रीच्या वाफेने उठवले, कारण पोच्यात लाकूड दबलेलं असतं, गेलेलं नसतं. जिथे कापलं गेलंय तिथे वाफेचा उपयोग नाही, तिथल्या खुणा आहेत तशा आहेत.

तेलाचं मान्य. जवसाचं उकळलेलं तेल वापरलं, हे लेखात लिहायचं राहिलं. कच्चं तेल वाळायला फार दिवस लावतं. तळहाताने चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. आणि हो, पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेते.

चेंबर आणि जाडी: लेख लाकडाबद्दल होता. दोन्ही मापं काम सुरू करण्याआधी बंदूक-कारागिराकडून घेतलेली आहेत. चेंबर ६५ मिमीचा आहे. ७० मिमीचं न उडालेलं काडतूस त्यात सहज बसतं, आणि घात तिथेच होतो, कारण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. हे मला ठाऊक आहे. प्रत्येक लेखात सगळं लिहायचं तर पुस्तक काढावं लागेल.

"नवीकोरी करून देणाऱ्या" तुमच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता देऊ केलात, त्याबद्दल आभार, पण नको. दस्त्याच्या टोकाची कडक रबराची पट्टी मात्र दुभंगली आहे. नवी जाड बसवली तर दस्त्याची लांबी वाढते, पातळ मिळत नाही, आणि जुनी चिकटवली तर पहिल्याच धक्क्याला परत उकलेल. याबद्दल काही ठाऊक असेल तर जरूर लिहा. चेहरे न टाकता लिहिलंत तर वाचेनही.