भूत चालेल, देवऋषी नको

कोजागिरीला तालमीच्या चौकात पडदा लावून ‘लपाछपी’ हा मराठी भयपट दाखवायचा, असं आमच्या पेठेतल्या पोरांनी ठरवलं आणि आमच्या शाळेतल्या सरांनी विरोध केला. धाकट्या भावाने हे मला इथे जपानमध्ये, नागोयाला फोन करून सांगितलं. सरांचा सवाल सरळ होता: ज्या कोल्हापुरात २०१५ साली विवेकवादी गोविंद पानसऱ्यांना गोळ्या घातल्या, त्या गावात दुधाच्या पातेल्याशेजारी भुताचा सिनेमा लावणार? पोरं म्हणाली, “सर, करमणूक हाय, खरं कोण मानतंय!”

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. सरांनी मला सातवीला विज्ञान शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यासमोर आजही माझी जीभ अडखळते. तरी लिहितो.

आधी पोरांच्या करमणुकीबद्दल. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या बोळातल्या एका वहिनींना ‘बाधा’ झाली. दोन मुलींनंतरचं बाळ गेलं होतं. त्या जेवेनात, कुणाशी बोलेनात. घरच्यांनी देवऋषी आणला. बंद दाराआडून मिरच्यांच्या धुरीचा ठसका सगळ्या बोळात आला, पाठोपाठ त्यांचं ओरडणं. त्याच वर्षी टॉकीजमध्ये पाहिलं, मांत्रिक एका बाईला केसाला धरून फरफटत नेतोय आणि सगळं पब्लिक शिट्ट्या मारतंय. मीही टाळ्या वाजवल्या. वहिनींचं ओरडणं आठवलं की त्या टाळ्या आठवतात.

सरांनी चिडायचं तर त्या मांत्रिकावर चिडावं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दलचं. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर हा कायदा आला. आणि आपल्या कितीतरी भयपटांत शेवटच्या रिळात हाच गुन्हा करणारा माणूस तारणहार म्हणून येतो. दीड तास बाईला छळायचं, मग मंत्र, भस्म, दिव्य प्रकाश, आणि ती शुद्धीवर येऊन नवऱ्याच्या गळ्यात पडते. भूत नेमकं का आलं होतं, त्या घरात काय घडलं होतं, हे विचारायला कुणी उरत नाही. पार्श्वसंगीताच्या धडाडधूमने दचकवणं, अंधारात मांजर अंगावर टाकणं ही कारागिरीतली आळशी खोड झाली, ती एक वेळ सोडून देता येते. बाईच्या दुःखावर धुरी हा उपाय दाखवणं मात्र सोडता येत नाही.

भुतांची आपली जुनी नावं काय सांगतात बघा. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराचा मुंजा. कोण, कुठल्या वयात, कशापायी अकाली गेलं, हे गाव अशा नावांतून लक्षात ठेवत होतं. सिनेमाने त्यातली उलटी पावलं तेवढी घेतली.

शिरोलीच्या फाउंड्रीतून इथल्या फाउंड्रीत आलो त्याला अकरा वर्षं झाली. इथे भुताच्या गोष्टींचा हंगाम उन्हाळ्याचा. अंगावर शहारा आला की गारवा वाटतो म्हणतात. सगळ्यात गाजलेली गोष्ट ओइवाची. १८२५ साली तत्कालीन एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, तिच्यावरचं काबुकी, म्हणजे जुन्या जपानी शैलीचं, नाटक प्रथम रंगमंचावर आलं. नवऱ्याच्या विश्वासघाताने आणि विषाने चेहरा विद्रूप होऊन मेलेली ही बाई त्याला सोडत नाही. नाटक किंवा सिनेमा करण्याआधी कलाकार ओइवाच्या देवळात जाऊन नमस्कार करून येतात. मला त्यातली श्रद्धा ठाऊक नाही, पण जिच्यावर अन्याय झाला तिची गोष्ट सांगण्याआधी तिच्यापुढे वाकणं मला फार योग्य वाटतं.

खोली शोधताना एकदा एजंटने भाडं एकदम कमी सांगितलं आणि पुढे कागद सरकवला: आधीचा भाडेकरू आत एकटाच वारला, बऱ्याच दिवसांनी कळलं. असं घडलेलं असेल तर साधारण तीन वर्षं नव्या भाडेकरूला सांगावं, असं इथल्या सरकारने २०२१ मध्ये ठरवून दिलंय. मी ती खोली घेतली. भूत दिसलं नाही. पण शेजारच्या दाराकडे पाहताना रोज वाटायचं, आत कुणी गेलं तर मला कधी कळेल? इथला चांगला भयपट या प्रश्नाजवळ जातो. वाईटही ढिगाने निघतात. १९९८ च्या ‘रिंगू’नंतर केस चेहऱ्यावर सोडलेली पांढऱ्या कपड्यांतली बाई इतक्यांदा आली की तिच्यामागचं दुःखच पुसलं गेलं.

आता ‘लपाछपी’. २०१७ साली थिएटरात आलेला विशाल फुरिया यांचा हा सिनेमा. उसाच्या रानातल्या घरात येऊन राहिलेली गरोदर बाई, आणि मुलगी नको म्हणून त्या घराने केलेली पापं. उत्तरार्धात तो जरा जास्तच समजावून सांगतो, आणि गरोदर बाईचे हाल नको तितके लांबतात. पण भीती कुठून येते ते त्याला पक्कं माहीत आहे. करवीर, पन्हाळ्याच्या उसात वाढलेल्या माणसाला ते रान अनोळखी नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. यापेक्षा भयानक काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

कोल्हापूरला पडद्यावरची दहशत नवीही नाही. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो कापावा लागला. तिथेही मूळ गोष्ट एका बाईवर हात टाकणाऱ्याचीच.

सर, २००१ च्या त्या जनगणनेच्या वर्षांत तुम्ही शिकवत होता. ते ८३९ तुमच्या पहिलीच्या हजेरीपटात आले असतील, मुलींच्या नावांचा रकाना लवकर संपत असेल. पोरांना सिनेमा लावू द्या, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. संपला की माइक घ्या आणि तो हजेरीपट सांगा.