बोट दाखवणाऱ्या ॲट्रिब्यूटला नीट नाव द्या

आज ऑफिसात एका मुलीला सगळ्यांदेखत बोलणी बसली आणि ते मला अजून पचलेलं नाही. घरी आले, कुकर लावला, तरी डोक्यात तेच. म्हणून लिहितेय. लांबेल.

आम्ही ई-पुस्तकं बनवतो. ती मुलगी लागून चार महिने झालेत. तिच्या हातून गेलेलं एक पुस्तक, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी. मुखपृष्ठावर त्यांच्या नातीनं काढलेला पिंपळ. काल गुरुजींचा फोन आला, "अहो, माझ्या पुस्तकावर नुसता राखाडी चौकोन दिसतोय." फाइल उघडली तर चूक एका चिन्हाची. मुखपृष्ठाच्या आयडीआधी, म्हणजे फाइलमध्ये त्या चित्राला दिलेल्या ओळखीच्या नावाआधी, तिनं # लावला होता. तपासणीच्या सॉफ्टवेअरनं फाइल बिनतक्रार पास केली होती. आणि आज वरिष्ठ तिला म्हणाले, "एवढं साधं कळत नाही?"

साधं? ईपब हा ई-पुस्तकांचा प्रमाण प्रकार, आणि पुस्तकात काय काय आहे ते सांगणारी त्याची ओपीएफ फाइल. ती हातानं लिहून बघा एकदा, मग साधं म्हणा.

तिथे टॅगांना ॲट्रिब्यूट असतात, म्हणजे माहिती भरायचे नाव दिलेले रकाने. सगळ्यात वर पॅकेजच्या ओळीत 'युनिक-आयडेंटिफायर'. त्यात आयडी लिहायचा, # नाही. खाली लेखकाचं नाव येतं आणि 'हा लेखक आहे' असं सांगणारी मेटाची ओळ. तिथे 'रिफाइन्स', त्यातही आयडी, पण # लावून. त्याच्या खाली मुखपृष्ठाची ओळ. टॅग तोच, मेटा. इथे 'कंटेंट', पुन्हा # नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, 'फॉलबॅक' आणि 'मीडिया-ओव्हरले', # नाही. स्पाइनवर, म्हणजे वाचनाच्या क्रमाच्या यादीवर, 'टीओसी', # नाही. स्पाइनच्या आत 'आयडीरेफ', # नाही. सात नावं झाली. काम सगळ्यांचं एकच, याच फाइलमधल्या अमुक आयडीकडे बोट दाखवणं. आणि सातातल्या एकाच नावात 'रेफ', म्हणजे रेफरन्स, आहे!

आता त्या मुलीनं काय केलं ते बघा. वरच्याच ओळीत, त्याच टॅगमध्ये, # लावून आयडी लिहिला होता आणि तो बरोबर होता. खालच्या ओळीतही तिनं तसाच लिहिला. ती विचार करून वागली, आणि तिलाच ऐकून घ्यावं लागलं.

हो, मान्य आहे, आयडी वेगळा आणि पत्ता वेगळा. 'रिफाइन्स'मध्ये पत्ता असतो म्हणून # लागतो. ठीक. पण मग हा फरक नावात दिसू द्या ना! नुसता आयडी असेल तिथे नावाच्या शेवटी 'आयडीरेफ', पत्ता असेल तिथे 'एचरेफ'. 'टीओसी-आयडीरेफ', 'कव्हर-आयडीरेफ' असं लिहिलेलं असतं तर चार महिन्यांच्या मुलीनं # लावलाच नसता. 'कंटेंट' या नावावरून कुणाला कळणार की इथे आयडी हवा? तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही नाही कळत. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर. 'आयडीरेफ' चुकला की ते लगेच ओरडतं, कारण स्कीमात, म्हणजे फाइलच्या रचनेच्या नियमांत, ते रेफरन्स म्हणून सांगितलेलं आहे. 'कंटेंट' चुकला की गप्प. आणि मग राखाडी चौकोन गुरुजींना दिसतो.

हे एकट्या ईपबचं नाही. डॉकबुक या तांत्रिक पुस्तकांच्या प्रकारात क्रॉस-रेफरन्सला 'लिंकएंड', कॉलआउटला 'एरियारेफ्स', इंडेक्सटर्मला कधी 'झोन' तर कधी 'स्टार्टरेफ', आणि ग्लॉसरीतल्या 'हे पाहा'ला 'अदरटर्म'. एचटीएमएलमध्ये लेबलच्या 'फॉर'ला # नाही, इमेजच्या 'यूजमॅप'ला मात्र हवा. जॅट्समध्ये, म्हणजे संशोधन-लेखांच्या प्रकारात, काम केलेल्यांना विचारा, तिथे 'आरआयडी' म्हटलं की विषय संपला. डिटा या तांत्रिक दस्तऐवजांच्या प्रकारातही 'एचरेफ', 'कीरेफ', 'कॉनरेफ', सगळ्यांच्या शेपटीला रेफ. म्हणजे जमतं. मनावर घेतलं की जमतं.

मुळात आयडी आणि आयडीरेफ हे प्रकार एसजीएमएल या टॅग लावून मजकूर लिहायच्या जुन्या पद्धतीतले, 1986 चं आयएसओ प्रमाण. 1998 मध्ये एक्सएमएल आलं, ओपीएफसारख्या फाइली ज्यात लिहितात ते, त्यानं ते तसेच उचलले. प्रकार ठरला, नाव ज्यानं त्यानं ठेवायचं. 2005 मध्ये 'एक्सएमएल:आयडी' आलं. म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याला सगळीकडे चालणारं एक नाव मिळालं. बोट दाखवणाऱ्याला? नाही मिळालं. एक्सलिंक या एक्सएमएलमधल्या लिंकांच्या प्रमाणानं 2001 मध्ये एक प्रयत्न केला होता, 'एक्सलिंक:एचरेफ'. एसव्हीजी या चित्रांच्या प्रमाणानं ते घेतलं आणि दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा साध्या 'एचरेफ'वर आलं. तेव्हापासून आपण दोन्ही सांभाळतोय.

जेवण झालं. राग जरा उतरलाय. ज्यांनी ही प्रमाणं लिहिली त्यांना मी शिव्या देत नाहीये. जुनी वाचनयंत्रं बंद पडू नयेत म्हणून माणसं जुनी नावं पोटाशी धरून बसतात, ते कळतं मला. मुखपृष्ठाची ती 'कंटेंट'वाली ओळ तर ईपबच्या प्रमाणात कधी नव्हतीच, तो व्यवहारात पडलेला पायंडा. 2011 च्या ईपब 3 नं सरळ मॅनिफेस्टमधल्या चित्रावरच 'कव्हर-इमेज' अशी खूण करायची सोय दिली. बोट दाखवायची भानगडच नाही. छान केलं. पण जुन्या यंत्रांसाठी आम्ही ती ओळही घालतोच, आणि पिंपळ तिथेच अडकला.

पण हे वाचणाऱ्यांतले निम्मे जण असे आहेत जे कुठल्या ना कुठल्या क्लायंटसाठी आजही नवा स्कीमा लिहितायत. तुम्हाला कुठलं जुनं यंत्र आडवं येतंय? परवाच एक स्कीमा हाती आला. आकृतीचा रेफरन्स 'फिगआयडी', तक्त्याचा 'टेबलरेफ', टिपेचा नुसता 'नोट', आणि संदर्भसूचीचा 'टार्गेट'. एकाच माणसानं लिहिलेला! त्यात 'फिगआयडी' हे आकृतीचं स्वतःचं नाव वाटतं, रेफरन्स वाटतच नाही. अरे, दहा मिनिटं लागतात सगळी नावं एका ओळीत मांडून बघायला. तुम्ही ती दहा मिनिटं वाचवता आणि कुणाची तरी पोर सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी राहते.

संध्याकाळी तिच्या टेबलापाशी गेले. रडलेली होती, पण काम थांबवलं नव्हतं. वहीत तक्ता केला होता. डावीकडे ॲट्रिब्यूटचं नाव, उजवीकडे '# आहे' किंवा '# नाही'. गुरुजींची फाइल दुरुस्त करून तिनं आधीच पाठवली होती. तक्त्यात 'टीओसी'पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. "ताई, याला लावायचा का हो?" मी ते खोडलं आणि पेनानं लिहिलं, # नाही.